आईचे हात मोकळे व्हावेत म्हणून

या अहवालाच्या उत्तरार्धात जमाखर्चाचे तक्ते आहेत. त्यांतील ‘वैद्यकीय उपकरणे’ या शीर्षाखालील एका नोंदीविषयी चार शब्द लिहिण्याची अनुज्ञा मी विश्वस्त मंडळाकडे मागितली व ती त्यांनी आनंदाने दिली. ही नोंद आहे नवजात शिशू अतिदक्षता विभागासाठी देणगीतून घेतलेल्या, मातांचे दूध काढण्याच्या विद्युत पंपांची. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर, त्यातही अशा नाजूक विषयावर, मी लिहावे का, हा संकोच प्रथम मनात होताच. परंतु या पंपांच्या बाबतीत चूक झाली ती वैद्यकीय विभागाची नव्हे, प्रशासनाची. आणि ती सुधारली ती एका शिवणयंत्रावर. त्यामुळे हा वृत्तांत माझ्याच हातून लिहिला जाणे योग्य होय.

पंप आले, त्यांची पूजा झाली, देणगीदारांच्या नावाची पट्टी लागली. पुढे काही महिन्यांनी वार्षिक साधनसामग्रीची मोजदाद करताना असे दिसले की पंप कापडाखाली झाकलेले आहेत आणि वापराच्या नोंदवहीतील बहुतेक पाने कोरी आहेत. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर घसारा चालू होता, उपयोग मात्र नव्हता. मी विभागप्रमुखांना खुलासा विचारला. खुलासा आला तो असा : माता एक-दोन दिवस पंप वापरतात, मग सोडून देतात.

हे ‘सोडून देणे’ किती महागात पडते, ते वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून थोडे मागे जातो.

पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या अंगावर स्वतः पिते. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, विशेषतः ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला, चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ घालता येत नाही. ते पेटीत असते आणि त्याला दूध नळीने द्यावे लागते. या बाळांच्या आतड्यांना सूज येऊन आतड्याचा भाग निकामी होण्याचा एक गंभीर आजार संभवतो, आणि आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. पहिल्या दिवसांतला चीक तर थेंबाथेंबाने मोजावा इतका मोलाचा. म्हणजे दूध हवे बाळाला, पण ओढून घेण्याची शक्ती बाळात नाही. ते काम आईलाच करावे लागते. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या सहा तासांच्या आत सुरुवात, आणि पुढे चोवीस तासांत किमान आठ वेळा, त्यांत एक वेळ रात्रीची, असा आमच्या बालरोगतज्ज्ञांचा आग्रह असतो.

आठ वेळाच का? येथे माझ्या शिक्षणाचा थोडा उपयोग झाला. मागणी तसा पुरवठा हा बाजाराचा नियम स्तनपानाला अक्षरशः लागू पडतो. स्तनात दूध साचून राहिले की शरीर ‘माल शिल्लक आहे’ असे समजून उत्पादन आवरते घेते. नियमितपणे रिते झाले की नवे तयार करते. पहिल्या दोन आठवड्यांत ही मागणी नोंदवली गेली नाही, तर पुढे ती वाढवणे फार कष्टाचे होते. दुसरी गोष्ट पान्ह्याची. दूध तयार असले तरी पान्हा फुटल्याखेरीज ते उतरत नाही. आणि वेदना, भीती, अवघडलेपणा यांनी पान्हा अडतो. आपल्या आज्यांना ही गोष्ट संप्रेरकांची नावे न घेताही ठाऊक होती.

आता मूळ प्रश्नाकडे. मी कारण विचारले, तेव्हा मेट्रनबाईंनी उत्तर देण्याऐवजी पंपाची दोन नवी, न वापरलेली नरसाळी माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, “साहेब, ही दोन्ही छातीशी घट्ट टेकवून पंधरा मिनिटे बसा. खाली बाटल्या आहेत असे समजा. हलायचे नाही, आणि चहा आला तरी कप उचलायचा नाही.” कार्यालयाचे दार लावून मी बसलो. पाचव्या मिनिटाला खांदे भरून आले. सातव्या मिनिटाला दूरध्वनी वाजला, तो वाजतच राहिला. दहाव्या मिनिटाला मी नरसाळी खाली ठेवली. माझ्या पोटावर टाके नव्हते, मी रात्रभर जागा नव्हतो, आणि माझे मूल काचेच्या पेटीत नव्हते.

जेथे पंप ठेवले होते तेथे बसायला हात नसलेले स्टूल होते, हेही त्याच दिवशी कळले. सिझेरियन झालेल्या बाईला पुढे वाकून, दोन्ही कोपर अधांतरी धरून, दिवसातून आठ वेळा बसवण्याची व्यवस्था आम्ही देणगीदारांच्या पैशातून केली होती! काही माता मग एका वेळी एकच बाजू धरीत, म्हणजे दुसरा हात मोकळा राही. पण त्याचा हिशेब पाहा. एका बाजूस १५ मिनिटे धरली तर दोन्ही बाजूंस अर्धा तास, आणि आठ वेळांचे झाले चार तास. दोन्ही बाजू एकदम केल्या तर हेच काम दोन तासांत होते. खेरीज प्रत्येक वेळचे धुणे, उकळणे निराळे. बाळंतिणीच्या दिवसातून रोजचे दोन तास परत मिळणे ही काही लहान रक्कम नव्हे.

त्या काळातील एका मातेचे स्मरण मला अद्याप अस्वस्थ करते. तिचे गाव दूर. नवरा मोलमजुरीला परत गेलेला, सोबत वृद्ध सासूबाई. दुसऱ्या आठवड्यात तिचे दूध आटत गेले. बाळाचे पुढे ठीक झाले, ते घरी गेले. परंतु घरी जाताना ती सिस्टरना म्हणाली, “माझ्याच अंगाला दूध उतरलं नाही, त्याला कोण काय करणार!” कोणी तिला दोष दिला नव्हता, तिने तो स्वतःकडे घेतला होता. वस्तुतः तो एका स्टुलाचा आणि दोन गुंतलेल्या हातांचा दोष होता. खरेदीच्या कागदावर सही माझी होती.

उपाय निघाला तो आमच्या कपडे विभागात. तेथील टेलर मास्तर चादरी, गाऊन, शस्त्रक्रियेची कापडे शिवतात. छातीभोवती बांधायचा, नरसाळी जागच्या जागी धरून ठेवणारा पट्टा बाजारात तयार मिळतो, पण आमच्या मातांना परवडेल अशा किमतीत नाही. मेट्रनबाईंनी जुन्या कापडावर नमुना बेतला. मास्तर प्रथम संकोचले; मग हा ‘पट्टा’ आहे आणि त्याला ‘काज’ करायचे आहेत, एवढीच भाषा ठरली आणि काम सुरू झाले. त्यांनीच सुचवले की साधे सुती कापड चालणार नाही, ताणले जाणारे होजिअरीचे हवे, आणि तेही दुहेरी.

घरी करू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी कृती सांगतो. ती अवघड नाही. वीतभर रुंदीचा, छातीभोवती बसेल असा होजिअरीचा दुहेरी पट्टा घ्यावा. बंद पुढच्या बाजूस असावेत, हुक किंवा चिकटणारी वेल्क्रो पट्टी; पाठीमागे हात नेण्याची शिक्षा टाके असलेल्या बाईला देऊ नये. पट्टा अंगावर असताना स्तनाग्राच्या जागी खडूने खूण करावी, मग उतरवून तेथे साधारण ३ सेंटिमीटरची आडवी चीर द्यावी आणि कडा काजासारख्या पक्क्या शिवाव्यात. चीर आरंभी लहानच ठेवावी; कापड ताणते, आणि मोठी झालेली चीर लहान करता येत नाही. नरसाळे आतून बसते, त्याची मान चिरेतून बाहेर येते, आणि त्या मानेला बाटली व नळी जोडतात. चांगल्या मापाच्या जुन्या, ताणल्या जाणाऱ्या ब्रेसिअरलाही अशाच चिरा देता येतात; शिवणकाम नको असेल त्यांच्यासाठी हाच सोपा मार्ग.

पट्टा किती घट्ट असावा, याबाबत मात्र सावधपणा हवा. नरसाळे सरकू नये इतपत आवळावा, त्याहून अधिक नाही. सतत दाबाने दुधाच्या वाहिन्या तुंबतात, गाठ येते, दुखते. म्हणून पट्टा फक्त दूध काढण्यापुरता बांधायचा, तो घालून झोपायचे नाही, आणि दुधाने ओला झाला की धुवायचा. स्तनावर लालसर चट्टा, दुखरी गाठ आणि ताप अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

नरसाळ्याच्या मापाचेही तसेच. ती वेगवेगळ्या व्यासांची मिळतात, आणि सर्वांना एकच माप लावणे म्हणजे सर्वांना एकाच मापाची चप्पल देणे. स्तनाग्र नळीत मोकळेपणी पुढेमागे व्हावे, कडेला घासू नये. भोवतीचा काळसर भाग फारसा आत ओढला जाऊ नये. दुखत असेल तर माप चुकले आहे किंवा ओढ जास्त आहे. ओढ वाढवली की दूध वाढते, ही समजूत चुकीची. सोसवेल तेवढीच ठेवावी. वेदना झाली की पान्हा आखडतो आणि श्रम वाया जातात. प्रथम एक-दोन मिनिटे जलद व हलकी ओढ, बाळ सुरुवातीला भराभर चोखते तशी, आणि दूध वाहू लागले की संथ व खोल.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की हात मोकळे झाले, आता मातेने स्वस्थ बसावे. बसावेच, तो तिचा हक्क आहे. परंतु मोकळ्या हातांचा सर्वांत मोठा उपयोग मला माहीत नव्हता, तो आमच्या डॉक्टरांनी सांगितला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. जेन मॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मातांचा अभ्यास करून २००९ साली तो प्रसिद्ध केला. पहिल्या दिवसांत हाताने चीक काढणे, आणि पुढे पंप चालू असताना हाताने स्तन चोळणे व हलकेच दाबणे, यांमुळे दूध अधिक मिळते, असे त्यांना आढळले. म्हणजे पंपाने हाताची जागा घेतलेली नाही. हात नरसाळे धरण्यात अडकलेले होते. ते सुटले तेव्हा आपल्या खऱ्या कामाला लागले. पहिले दोन-तीन दिवस तर पंपापेक्षा हातच बरा, कारण चीक घट्ट व थोडा असतो, तो पंपाच्या नळ्यांना लागूनच संपतो. तो चमच्यात किंवा लहान वाटीत थेट घ्यावा. बाळ गिळू लागले की बोंडल्याने पाजता येते. आपल्या घरांतील हे जुने साधन आजही कामाचे आहे.

दुसरा उपयोग कोणी शिकवला नाही, तो एका मातेनेच शोधला. हात असलेली खुर्ची, खांद्यावरून शाल, शालीखाली पट्टा आणि शेजारी बाळाची पेटी. पंप चालू असताना तिने पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि बाळाच्या पायावर ठेवला. सिस्टर सांगतात, त्या वेळी बाटलीत दूध येण्याचा वेग डोळ्यांना दिसण्याइतका वाढला. यात नवल नाही. बाळाच्या स्पर्शाने पान्हा फुटतो, हे सर्वज्ञात आहे. आता पंप कपाटाजवळ नव्हे, पेट्यांच्या शेजारी ठेवतो, आणि ज्या मातेला पेटीजवळ बसणे शक्य नाही तिला बाळाच्या अंगाखालचे फडके जवळ ठेवायला देतो.

मशीनच्या इतिहासाबद्दल जिज्ञासूंसाठी थोडे. अमेरिकेत अशा पंपाचे पेटंट १८५४ साली ओ. एच. नीडहॅम यांना मिळाले. १९२० च्या दशकात एडवर्ड लास्कर या अभियंत्याने यांत्रिक पंप घडवला. हे गृहस्थ बुद्धिबळातील नामांकित खेळाडू होते. पुढे स्वीडनचे आयनार एग्नेल यांनी १९५० च्या दशकात मातेला कमी त्रास होईल अशा ओढीचा पंप रुग्णालयांसाठी तयार केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की दूध किती निघते याचा विचार शतकभर झाला. बाई बसते कशी, तिचे हात कुठे असतात, याचा विचार फार उशिरा. २०१४ साली अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये माता, अभियंते व परिचारिका यांना एकत्र बसवून पंप सुधारण्यासाठी कार्यशाळा झाली. त्यानंतर ब्रेसिअरमध्येच मावणारे, नळ्या व तारा नसलेले पंप आले. विलो हा २०१७ साली आणि एल्व्ही हा २०१८ साली लोकांसमोर आला. त्यांसारखे पंप आता आपल्याकडेही मिळतात आणि नातेवाईक त्यांबद्दल विचारतात. नोकरीवर परतलेल्या, दूध नीट सुरू झालेल्या मातेला ते सोयीचे आहेत. परंतु बाळ पेटीत असताना आरंभीच त्यांवर विसंबू नये. पहिल्या आठवड्यांत रुग्णालयातील दुहेरी पंप व हात हेच अधिक खात्रीचे, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे. महाग ते उत्तम, हा नियम येथे लागू नाही.

घरी वापरायचा पंप शेजारणीचा किंवा बहिणीचा उसना घेऊ नये. रुग्णालयातील पंप अनेकींनी वापरण्यासाठीच बनवलेला असतो, आणि तरीही नरसाळी, बाटल्या, नळ्या प्रत्येकीच्या वेगळ्या असतात. दर वेळी हे भाग वेगळ्या भांड्यात गरम पाण्याने व साबणाने धुवावेत, दिवसातून एकदा उकळावेत व हवेवर सुकवावेत. काढलेल्या दुधावर वेळ लिहावी. आपल्याकडील उन्हाळ्यात ते बाहेर ठेवूच नये. फ्रीजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूस ठेवून २४ तासांत वापरावे, असे आम्ही सांगतो. गरम करायचे ते भांडे कोमट पाण्यात ठेवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. पाजून उरलेले पुन्हा ठेवू नये.

एक कबुली अजून शिल्लक आहे. पट्टे तयार झाल्यावर आमच्याच एका परिचारिकेने विचारले, “साहेब, एक पट्टा मला विकत मिळेल का?” प्रसूतिरजा संपवून ती कामावर आली होती आणि दुपारी स्वच्छतागृहात उभी राहून दूध काढीत होती. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास व अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची तरतूद आली. ही परिपत्रके मीच फाइलला लावली होती. पण रजा संपली तरी दूध संपत नाही, हे फाइलमध्ये लिहिलेले नव्हते. ज्या ठिकाणी आपण जेवणार नाही, तेथे बाळाचे जेवण तयार करायला लावणे योग्य नव्हे. आता जुन्या नोंदणी कक्षाला पडदा, खुर्ची, वॉश बेसिन व लहान फ्रीज देऊन ती खोली कर्मचारी मातांसाठी राखून ठेवली आहे. पट्ट्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत.

ज्या मातांचे दूध प्रयत्नांनंतरही पुरत नाही, त्यांच्यासाठी मानवी दुग्धपेढीचा आधार आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू केलेली दुग्धपेढी ही आशियातील पहिली. तेथून ही कल्पना देशभर पसरली. परंतु दात्या मातेचे दूध पाश्चरायझेशनसाठी ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवावे लागते व त्यात काही संरक्षक गुण उणावतात. म्हणून स्वतःच्या आईचे दूध प्रथम, हा क्रम डॉक्टर बदलत नाहीत.

देणगीदारांना एक विनंती. दरवर्षी काही सहृदय मंडळी दुधाच्या भुकटीचे डबे व बाटल्या घेऊन येतात आणि आम्हांला ते नम्रपणे परत करावे लागतात. १९९२ च्या कायद्यानुसार अनाथालयांखेरीज इतरांना अशा वस्तू दान देता येत नाहीत. त्यांच्या मनाला वाईट वाटते, हे मी जाणतो. त्याऐवजी पुढील वस्तू स्वीकारल्या जातील : हात असलेल्या, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या; वेगवेगळ्या मापांच्या नरसाळ्यांचे संच, कारण पंपापेक्षा यांचाच तुटवडा अधिक असतो; आणि होजिअरीचे कापड, शक्यतो गडद रंगाचे. पांढऱ्यावर दुधाचे डाग दिसत नाहीत, पण पट्टा ओला झाला की अंग दिसते आणि बायका संकोचतात, असे टेलर मास्तरांनी निरोप पाठवून आवर्जून कळवले आहे. कापड कपडे विभागात दुपारी चारपर्यंत द्यावे. पावती कार्यालयात मिळेल.